पाण्याचा दिवस आणि बार्शीची तार

मल्लिनाथअण्णा हत्तुरे यांना त्या आठवड्यात जो भेटेल तो एकच सल्ला देत होता, "अण्णा, व्हॉट्सअ‍ॅप करा की!" दूधवाल्यानं दिला. खालच्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी दिला. अण्णांचा उजवा हात वरखाली करायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी दिला. सोसायटीचे चेअरमन अनिलकुमार मादगुंडी यांनी तर स्वतःचा मोबाइल काढून ते कसं करायचं ते दाखवलं, आणि दाखवता दाखवता चुकून मेव्हणीला 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवून बसले. मेव्हणी चांगली ठणठणीत होती. तिची समजूत घालण्यात त्यांची संध्याकाळ गेली, पण अण्णांना सल्ला देणं काही त्यांनी सोडलं नाही.

वास्तविक अण्णांचं मागणं फार मोठं नव्हतं. बार्शीच्या गैबीसाब तांबोळींशी त्यांना वायरलेसवर बोलायचं होतं आणि तेही येत्या रविवारपर्यंत. बस्, एवढंच.

आता वायरलेस म्हटलं की लोकांना पोलिसांची जीप आठवते. अण्णांचा वायरलेस तो नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, घरातच एक छोटं रेडिओ स्टेशन थाटायचं आणि जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांशी गप्पा मारायच्या, असा तो छंद आहे. त्याला हॅम रेडिओ म्हणतात. यातला 'रिकामटेकडे' हा शब्द श्रीदेवीबाईंचा, म्हणजे अण्णांच्या कुटुंबाचा. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा माजघरात शिवपूजेच्या कोनाड्याशेजारीच अण्णांचं यंत्र मांडलेलं होतं, आणि कुठल्याला आधी नमस्कार करायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी त्या यंत्राला 'खोकं' म्हणायचं ठरवलं ते आजतागायत.

काय दिवस होते ते! सोलापुरातल्या गिरणीचा पहिला भोंगा झाला की अण्णा चहाची कपबशी घेऊन खोक्यासमोर बसायचे. शिसवी फळीवर ठोकलेली पितळेची पट्टी, हीच त्यांची मोर्सची चावी. त्या चावीवर बोट पडलं की कट्ट-कड, कट्ट-कड सुरू, आणि तिकडं बार्शीत गैबीसाब आपल्या लॉऱ्या बाहेर पडायच्या आधी चावी घेऊन बसलेले. दोघं एकमेकांना तोंडानं ओळखतच नव्हते. कित्येक वर्षांनी अण्णा विमा कंपनीच्या कामासाठी बार्शीला गेले, तेव्हा एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये पलीकडच्या टेबलावरचा माणूस चहाच्या ग्लासावर बोटांनी कट्ट-कड वाजवत बसला होता. अण्णा उठले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गैबी?" तो माणूस न बघताच म्हणाला, "बस मल्ल्या, चहा सांगितलाय." हे अण्णा आजही रंगवून सांगतात, आणि ऐकणारा आजही म्हणतो, "मग आता व्हॉट्सअ‍ॅप करा की!"

मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा एक 'हात' असतो. अक्षर जसं ओळखू येतं तसा तो ओळखू येतो. अण्णांना ताप असला तर गैबीसाबांना पहिल्या वाक्यात कळायचं. घरात भांडण झालेलं असलं तर पहिल्या अक्षरात. आणि तो उजवा हात मागच्या शिमग्यानंतर एका सकाळी दाढी करता करता गेला. लकवा. डावा वाचला, पण तो असा थरथरायचा की टाइप करायला बसले तर एका अक्षराच्या जागी पाच पडायची. तोंड मात्र शाबूत राहिलं. श्रीदेवीबाई म्हणाल्या, देवानं निवड जरा उलटी केली.

तोंड होतं तर वायरलेसवर तोंडानं बोलावं, तर तेवढ्यात गैबीसाबांचे कान गेले. उभी हयात लॉऱ्यांच्या इंजिनाशेजारी काढली, दुसरं काय होणार! कानाचं मशीन लावलं की त्यांना माणूस सोडून बाकी सगळं ऐकू यायचं, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. पण म्हातारा हिकमती. वायरलेसला कॉम्प्युटर जोडून अक्षरं पाठवायची आणि वाचायची डिजिटल पद्धत त्यांनी त्या वयात शिकून घेतली. इकडं अण्णा वाचू शकत होते पण लिहू शकत नव्हते. "माझं तोंड आन् त्याची बोटं धरली तर एक ऑपरेटर हुतोय," असं अण्णा हसून सांगायचे.

व्हॉट्सअ‍ॅप त्यांनी करून पाहिलं होतं, नाही असं नाही. महिनाभर गैबीसाब गुलाबाची फुलं पाठवायचे आणि अण्णा श्रीसिद्धेश्वराचे फोटो. दोघांपैकी कुणीच ते काढलेले नव्हते. मग दोघांनाही लाज वाटली आणि आपोआप बंद झालं.

आणि त्या सोमवारी गैबीसाबांच्या नातीचा, सनाचा, मेसेज आला. 'अण्णाआजोबा, गच्चीवर पत्रा टाकायचाय. रविवारी दादाजान वायरलेसची तार उतरवून सेट कॉलेजला देऊन टाकणार. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. आम्ही नको म्हणतोय, पण ते म्हणतात, मल्ल्याच येत नाही तर ठेवून काय करू?'

अण्णांनी तो मेसेज श्रीदेवीबाईंना वाचून दाखवला. पुन्हा स्वतःशी वाचला. मग म्हणाले, "शरण्याला फोन लाव."

शरणबसव आळंगे हा मूळचा अक्कलकोटकडचा, एका बँकेत साहेब आणि अण्णांच्याच हाताखाली हॅम झालेला. जन्मापासून दृष्टी नाही. कॉम्प्युटर त्याला सगळं वाचून दाखवतो आणि तो इतक्या वेगानं की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठंतरी गिरणीत मिरच्या कुटल्या जातायत. विनय हा गुण शरणबसवच्या वाट्याला अजिबात आलेला नव्हता. दारातून आत येतानाच म्हणाला, "ना इद्दीनी अण्णा! मी हाय की! मी असताना रडायचं काय काम हाय? तुमी बोलायचं, मशीन लिवणार, ते वायरलेसवरनं बार्शीला जाणार. तांबोळीचाचा वाचणार, टाइप करणार, हितं तुमी वाचा. माझ्यासारख्याला डोळे न्हाईत तरी मी जगाशी बोलतो, तुमाला हात न्हाईत म्हणून काय अडलंय? वहिनी, शेंगाची चटणी हाय का?"

चटणी होती, कडक भाकरीही होती. ती खाता खाता त्यानं बोलणं ओळखणारा प्रोग्रॅम अण्णांच्या कॉम्प्युटरवर चढवला. पोरं मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात तसं ते हवेतून जाणार होतं. आता प्रश्न आला, मशीननं पाठवणं थांबवायचं कधी? त्यावर अण्णांनी ताबडतोब शिस्त सांगितली. बोलणं संपलं की ऑपरेटर आपला कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं नाव, सांगतो. ते न सांगता खुर्चीवरून उठणारा ऑपरेटर अण्णांनी जन्मात पाहिला नव्हता. शरणबसवनं तसंच केलं. समोरच्याचा कॉलसाइन घेतला की मशीन पाठवायला लागणार, आपला ऐकला की थांबणार, तोवर ऐकेल ते पाठवत राहणार.

पहिली अडचण मायक्रोफोनची आली. तो आणायला श्रीदेवीबाई नवी पेठेत गेल्या. ब्लाउजपीस घेतला, पिको-फॉलला साडी टाकली, आणि भजनी मंडळांना माइक पुरवणाऱ्या दुकानातून एक माइक आणला. उंच स्टँडचा, जाळीदार. दुकानदार म्हणाला होता, मावशी, मागच्या रांगेतल्या बाईचा सूरसुद्धा पकडतो. शरणबसवनं तो हातानं चाचपला आणि म्हणाला, "ह्याच्यासमोर पेटी आन् टाळ पायजेत." पण परत करायला जायचं म्हणजे पिको-फॉल होईपर्यंत थांबायला हवं होतं, म्हणून तो राहिला.

दुसरी अडचण अण्णांच्या मराठीची. मशीनला छापील मराठी पाठ होती, अण्णांची नव्हती. अण्णा 'कसं हाय' म्हणाले की ते नुसतंच कर्सर लुकलुकवत बसायचं. "घाई करू नका," शरणबसव म्हणाला. "चार दिवस चालू ठेवा. घरचं बोलणं ऐकून ऐकून शिकतंय ते." म्हणून ते जेवणाच्या टेबलावर दिवसभर उघडं राहिलं, अर्थात वायरलेसला न जोडता. श्रीदेवीबाई भाजी निवडता निवडता बोलायच्या, मथुराबाई येऊन सुनेचं सांगायच्या, कामवाली दानेश्वरी मथुराबाई गेल्यावर मथुराबाईंचं सांगायची. मशीन निमूटपणे सगळं ऐकत होतं.

अण्णांचा मात्र स्वाभिमान दुखावला होता. मशीनला आपली भाषा कळत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. ऑफिसात साहेब पुण्याचे आले की अण्णा जी मराठी बोलायचे ती त्यांनी पुन्हा बाहेर काढली. टीव्हीवरच्या बातम्यांसमोर बसून ते निवेदिकेबरोबर ओठ हलवायचे. सकाळी उठल्याबरोबर श्रीदेवीबाईंना म्हणाले, "नमस्कार. आपण कसे आहात? येथील हवामान उत्तम आहे." श्रीदेवीबाईंच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "माझ्याशी एवढं गोड जन्मात कवा बोलला न्हाईत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झटका आला की काय म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोनही लावला.

तिसरी अडचण तारेची, म्हणजे गच्चीवरच्या एरियलची, आणि ती सर्वांत मोठी. लकवा झाला त्या उन्हाळ्यात सोसायटीनं गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, तेव्हा अण्णांची तार गुंडाळून माळ्यावर गेली होती. ती पुन्हा बांधायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत होती. हा नियम कुणी केला? तर अण्णांनीच, सेक्रेटरी असताना, दुसऱ्या मजल्यावरच्यानं गच्चीत कबुतरखाना बांधला तेव्हा. 'गच्चीवर कोणतीही वस्तू, सजीव अथवा निर्जीव, सभेच्या मंजुरीविना बांधू नये.' 'सजीव अथवा निर्जीव' हे शब्द त्यांना तेव्हा फार आवडले होते.

सभा बुधवारी जिन्यात भरली. अनिलकुमारांनी प्रस्ताव वाचला आणि मग मतं आली. तारेवर वीज पडेल. तारेनं कॅन्सर होतो. वायफाय कमी होईल. गॅलरीतलं तुळशीचं झाड आधीच सुकत चाललंय. "आन् अण्णा," तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप..."

अण्णा काठी टेकून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता नियम, कलम वगैरे येणार. पण ते एवढंच म्हणाले, "रविवारी तो तार उतरवणार हाय. एकदा उतरली की झालं. मी चढून बांधू शकत न्हाई, तो चढून बांधू शकत न्हाई. माझं ह्या गावात सगळं हाय, पण माझ्याशी बोलणारा तेवढा एकच हाय." आणि बसले.

श्रीदेवीबाईंनी पदर सारखा केला. शेवटचं वाक्य त्यांना लागलं होतं, पण ते चारचौघांत काढायचं नव्हतं. मग मथुराबाई म्हणाल्या, "बांधू द्या की! तारच हाय, हत्ती न्हाई." ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याला अट एकच, सदर तारेवर कोणीही कपडे वाळत घालू नयेत.

शुक्रवारी तार चढली आणि शनिवारी चाचणी घेतली तर काही केल्या जमेना. शरणबसवनं यंत्राला कान लावून बघितलं, जोडण्या चाचपल्या, अण्णांच्या स्टेशनबद्दल कन्नडमध्ये एक वाक्य बोलला ते अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी श्रीदेवीबाई गच्चीवर गेल्या. तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मथुराबाईंचं ओलं नऊवारी लुगडं पसरलेलं होतं आणि तार मध्यभागी पार टाकीला टेकली होती.

"ठरावात कपडे म्हणलंय," मथुराबाई जिन्यातूनच म्हणाल्या. "हे लुगडं हाय. आन् पूजेचं हाय. ह्याला कपडे म्हणत्यात व्हय?" यावर सेक्रेटरी असते तर अण्णांनी पोटनियम काढला असता. पण दिवस एकच उरला होता. त्यांनी मथुराबाईंपुढं डावा हात कपाळाला लावला आणि लुगडं निघालं.

अखेर रविवार उजाडला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घालून घेतला, कपाळाला विभूती लावून घेतली आणि भजनी माइकसमोर जाऊन बसले. शरणबसव आपल्या घरच्या स्टेशनवरून ऐकत बसणार होता, आणि तार उतरेपर्यंत दादाजानांचा सेट चालू ठेवायला त्यानं सनाला कळवलं होतं. अण्णांनी घसा खाकरला, गैबीसाबांचा कॉलसाइन तीनदा घेतला, आपला सांगितला. मशीन थांबलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा हाक मारली. आणि मग एकेक अक्षर उमटत आलं, बार्शीहून, थांबत थांबत, जसं गैबीसाब एका बोटानं टाइप करायचे तसं. 'कोण?'

गैबीसाबांचा कॉलसाइन घेऊन अण्णांनी, कुठं काय चुकू नये म्हणून, आठवडाभर घोकलेली मराठी काढली. "नमस्कार गैबीसाब. मी मल्लिनाथ बोलत आहे. आपण कसे आहात? येथील हवामान उत्तम आहे. आपल्याशी संपर्क साधताना अत्यंत आनंद होत आहे." मशीननं एक अक्षर इकडचं तिकडं न करता सगळं पाठवलं. अण्णांना वाटलं, फत्ते झाली.

शेवटी आपला कॉलसाइन सांगून ते पडद्याकडं वळले. मग आलं, 'आपण कोण बोलता ते खरं सांगा. मल्ल्या मला कधी आपण म्हणला न्हाई.'

"मी मल्लिनाथच आहे. कृपया विश्वास ठेवावा."

'मल्ल्या कृपया म्हणत न्हाई. हात तर त्याचा न्हाईच, बोलणंबी त्याचं न्हाई. माझं मन राखायला कुणालातरी बसवलंय हे कळतंय मला. मेहरबानी. पण दया नको. मल्ल्याचं काय बरंवाईट झालं असंल तर सरळ सांगा. पोरं शिडी घेऊन आलीत.'

अण्णांनी पुन्हा गैबीसाबांचा कॉलसाइन घेतला. माणूस जिवंत आहे हे पटवायला कोणतं कलम लावायचं? "मी शपथपूर्वक नमूद करतो की..." एवढं ते बोलले असतील नसतील, आणि खालून आरोळी आली.

"पाणीऽऽ आलंऽऽ!"

सोलापुरात जन्मलेल्या माणसाचे पाय या हाकेला विचार करून उठत नाहीत. पाणी खरं तर शनिवारी यायचं होतं, आलं नव्हतं, आणि आज गेलं तर मग पुढचे कितीतरी दिवस हांडे उलटे ठेवायचे. लकवा झाल्यापासून पाण्याच्या दिवशी अण्णांकडं एकच काम असायचं. गॅलरीतलं मोटरचं बटण काठीनं दाबायचं आणि टाकी भरली की ओरडायचं. त्यांनी ते दाबलं नाही तर आठ बिऱ्हाडं कोरडी राहणार. अण्णा उठले, काठी टेकत गॅलरीत गेले आणि बटण दाबलं. कॉलसाइन सांगायचा राहिला होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. जिन्यात हांडे, कळशा, पिंपं. मथुराबाईंची हिरवी बादली सापडेना. "कालच्याला हितं ठिवलेली! श्रीदेवी, तुझ्याकडं हाय व्हय गं?" श्रीदेवीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "माझ्याकडं बादल्यांचा दुष्काळ पडलाय व्हय? तुमच्या सुनंला इचारा की!" "सुनंचं नाव काढू नको!" दानेश्वरीनं कुणाचीच बाजू न घेता दोघींना पेटवून दिलं. टाकी भरली, वाहिली आणि खाली अनिलकुमारांच्या नव्या सीट कव्हरवर धार लागली. ते तेलुगूत जे बोलले ते छापण्यासारखं नव्हतं, आणि सुदैवानं मशीनला तेलुगू येत नव्हतं.

"मोटर बंद करा की वो!" श्रीदेवीबाई गॅलरीत धावत आल्या. "ध्यान कुटं हाय तुमचं?"

आणि अण्णांचा बांध फुटला. "गप बस गं! तिकडं गैबी तार उतरवायलाय आन् तुमाला बादली पडलीया! वळकत न्हाई तो मला! मेलो का इचारायलाय! ह्यो हात जाग्यावर असता तर एका अक्षरात वळकलं असतं त्यानं. एका अक्षरात! आता काय करू मी, सांग? तोंड घिऊन काय करू?"

श्रीदेवीबाईंनी मोटर बंद केली. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "मग त्या तोंडानं बोला की तुमच्या! टीव्हीवाल्यावानी 'नमस्कार, नमस्कार' काय लावलंय? एवढी वरसं संसार केला, मीबी वळकलं न्हाई तुमाला, तर त्या बिचाऱ्यानं कसं वळकायचं? आन् काय म्हणला हुतात त्या दिवशी जिन्यात? बोलणारा एकच हाय? मग मी काय भिताडाशी बोलती व्हय रोज?"

अण्णा काठी टेकत आत आले. फोन केव्हाचा वाजत होता. पलीकडं शरणबसव किंचाळत होता, "अण्णा, कॉलसाइन सांगा! कॉलसाइन! समदं घर हवेत गेलंय! माझं मशीन मला वहिनींचं भांडण बातम्यांसारखं वाचून दाखवायलंय! लातूरवाले हॅम इचारत्यात, बादली कुटली म्हणून!"

अण्णांनी पडद्याकडं बघितलं. ओळींवर ओळी. बादल्यांचा दुष्काळ, सुनंचं नाव, मेलो का इचारायलाय, भिताडाशी बोलती. घरच्या बोलण्यावर आठवडाभर पोसलेल्या मशीननं एक शब्द सोडला नव्हता. ट्रान्समीटर तव्यासारखा तापला होता. एवढ्या वर्षांत स्टेशनवर कधी चढ्या आवाजातलं बोलणं जाऊ दिलं नाही, आणि आज आपल्या घराची अब्रू बार्शीपासून लातूरपर्यंत पसरली. अण्णांनी कसाबसा कॉलसाइन उच्चारला आणि डोळे मिटून घेतले. परवाना परत पाठवायचा तर कुठल्या पत्त्यावर, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

श्रीदेवीबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "अवो, काहीतरी उमटायलंय."

'मल्ल्या.'

मग एकेक अक्षर करत पुढचं आलं.

'मल्ल्या, वळकलं. रडू नको. म्हणं ह्यो हात जाग्यावर असता तर. आरं, पयल्याच ओळीत वळकलं असतं, तू इस्त्री करून बोलला नसतास तर.'

अण्णांनी माइककडं तोंड केलं. अक्षरं येतच होती.

'माझ्या घरातली माणसं लई चांगली हायत. पाटीवर लिवून दावत्यात. जेवायला चला. गोळी घ्या. पाव्हणं आल्यात. कामाचं तेवढं लिवत्यात. भांडण कोण लिवून दावतंय सांग? कान गेल्यापास्नं मी भांडण ऐकलं न्हाई. कोण कुणावर डाफरलं, कोण रुसलं, मला काय कळत न्हाई, मी नुसता गोळ्या घेत बसतोय. आज समदं वाचलं. पोरं शिडी लावायलीवती. म्हणलं खाली बसा, तारंला हात लावायचा न्हाई, वहिनी बोलायलीया.'

अण्णा डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसत होते. श्रीदेवीबाई चष्मा घालून ओठांतल्या ओठांत वाचत होत्या.

'पण तू कॉलसाइन सांगितलास आन् मधीच तुटलं. बादली कुणाकडं निघाली?'

अण्णांनी श्रीदेवीबाईंकडं बघितलं. लग्न झाल्यापासून त्या खोक्यापुढं कधी बसल्या नव्हत्या, आणि परवानाधारकाशिवाय दुसऱ्यानं बोलणं नियमात बसतं की नाही यावर अण्णा एरवी तासभर बोलले असते. त्यांनी गैबीसाबांचा कॉलसाइन घेतला, मशीन सुरू झालं, आणि काठीच्या आधारानं उठून खुर्ची रिकामी केली.

श्रीदेवीबाई पदर खोचून बसल्या. माइक वाकवून आपल्या तोंडाशी घेतला. "भावजी, मी बोलतीया. अवो, त्यांच्याच न्हाणीत हुती बादली! सुनंनं कपडं भिजत टाकल्यालं त्यात. आन् मला म्हणत्यात तुझ्याकडं हाय. त्यांचा स्वभावच तसला, भावजी, मागच्या पंचमीला काय झालं सांगू का तुमाला, ती दानेश्वरी आली की न्हाई सकाळी, आन् मग..." अण्णांनी खुणेनं सांगितलं, थांब, त्याला बोलू दे, आणि स्वतःच वाकून कॉलसाइन सांगितला.

पडद्यावर बार्शीहून एका बोटानं अक्षरं आली.

'वहिनी, घाई करू नका. सावकाश सांगा. मला समदं वाचायचंय.'